तिरपं ऊन, काळा कातळ आणि एडिटिंग: वाचकांचे प्रश्न

प्रवासातल्या फोटोंमध्ये ‘मूड’ आणायचा कसा, याबद्दल या वेळी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्न मराठवाड्यातल्या जागांचे आहेत, म्हणून उत्तरंही इथल्याच उन्हाच्या हिशेबाने दिली आहेत. एडिटिंगचे आकडे उणे १०० ते अधिक १०० या मापातल्या स्लायडरचे आहेत. फक्त एक्स्पोजर स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा उबदार-थंडपणा, केल्विनमध्ये दिलं आहे.

प्रश्न: व्हिडिओंमध्ये सगळे ‘गोल्डन अवर’ म्हणजे तासभर सोनेरी ऊन असं सांगतात. म्हैसमाळला मी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचतो, पण अर्धा तास ऊन पांढरंच राहतं आणि नंतर रंग आला आला म्हणेपर्यंत संपतं. माझं काय चुकतं? — बँक कर्मचारी, जालना

तुमचं काही चुकत नाही, ते व्हिडिओ दुसऱ्या अक्षांशावरचे आहेत. ऊन सोनेरी दिसतं ते सूर्याची क्षितिजापासूनची उंची साधारण ६ अंशांपेक्षा कमी झाली की. आपल्याकडे, म्हणजे १८ ते २० अक्षांशांत, सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १३ ते १४ अंश. त्यामुळे शेवटचे ६ अंश उतरायला त्याला २५ ते २८ मिनिटं लागतात. लंडनला तो तिरका घसरत जातो, म्हणून तेवढ्यालाच ४० ते ५० मिनिटं मिळतात.

म्हणून पोचायचं तासभर आधीच, पण त्या वेळात फोटो काढत बसायचं नाही. जागा ठरवायची, पुढे काय ठेवायचं ते बघायचं, लेन्स पुसायची. मग पहिली १५ मिनिटं सूर्याकडे पाठ किंवा खांदा करून: डोंगर, माणसं, भिंती, ज्यांच्यावर ऊन पडतं ते सगळं. शेवटच्या १० मिनिटांत सूर्याकडे तोंड करून: झाडाच्या, गुरांच्या काळ्या आकृत्या. सूर्य बुडाल्यावर बॅग भरायची घाई करू नका. त्यानंतर १२ ते २५ मिनिटांच्या दरम्यान आकाश गर्द निळं होतं आणि दिव्यांचा उजेड त्याच्या बरोबरीला येतो.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक अडचण असते. धुळीमुळे सूर्य क्षितिजाच्या वरच विझतो आणि लाल टिकलीसारखा दिसतो. त्या उन्हाने कुठलीच वस्तू सोनेरी होत नाही, सावलीही पडत नाही. तेव्हा भिंती आणि चेहरे सोडून द्या आणि त्या टिकलीचाच फोटो काढा, लांब लेन्सने, पुढे बाभळीची फांदी घेऊन. स्वच्छ तिरपं ऊन हवं असेल तर पावसाची उघडीप झाल्यानंतरचे दिवस, म्हणजे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, याला तोड नाही.

प्रश्न: वेरूळचं कैलास लेणं डोळ्यांना काळंभोर आणि भव्य दिसतं. फोटोत मात्र दगड करडा, धुतल्यासारखा येतो आणि वरचं आकाश पांढरं फटक. एडिटिंगमध्ये शॅडो वाढवल्या तर आणखी बिघडतं. — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अंबाजोगाई

दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. बेसॉल्टचा काळा कातळ चौकटीत भरला की मीटरला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो एक्स्पोजर वाढवतो. दगड करडा होतो आणि त्याच हिशेबात आकाश जळतं. एकदा जळलेलं आकाश कुठल्याही स्लायडरने परत येत नाही. तिथे माहितीच उरलेली नसते.

म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण हाताने केलेली दुरुस्ती) उणे ०.७ ते उणे १ ठेवा. फोनवर दगडाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. फोनमध्ये रॉ किंवा डीएनजीची, म्हणजे फोनने न सजवलेल्या कच्च्या फाइलची, सोय असेल तर ती चालू करा. जेपेगमध्ये फोन स्वतःच सावल्या उजळवून ठेवतो, मग काळा कातळ परत काळा करणं जड जातं.

वेळेचा हिशेब यापेक्षा महत्त्वाचा. वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत आणि कैलासच्या मागे व दोन्ही बाजूंना उभा कातळ आहे, मागचा तर सुमारे ३० मीटरचा. सकाळी अंगण पूर्ण सावलीत असतं: उजेड मऊ, रंग किंचित निळसर, गर्दी कमी. गूढ, थंड भाव हवा असेल तर हीच वेळ. तिरपं ऊन हवं असेल तर दुपारी साडेतीननंतर जा. डिसेंबरात सूर्य नैऋत्येला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या कड्याची सावली अंगणभर पसरते आणि ऊन फक्त वरच्या भागावर राहतं. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य नेमका पश्चिमेकडे उतरतो, तेव्हा ऊन समोरून आत येतं. उंच गोपुराची सावली मात्र हळूहळू वर चढत जाते. शिखर उन्हात आणि पाया सावलीत हे दृश्य थोडाच वेळ टिकतं, आणि तेच सगळ्यात नाट्यमय असतं. मंगळवारी वेरूळ बंद असतं, हे लक्षात ठेवूनच बेत आखा.

आता एडिटिंग. हा क्रम सोडू नका.

आधी व्हाइट बॅलन्स. उन्हातल्या फोटोला ५४०० ते ५८०० केल्विन, सकाळच्या सावलीतल्या फोटोला ऑटोने दिलेलं मूल्य थोडं खाली आणा म्हणजे निळसरपणा टिकेल. तो घालवला की सकाळ जाते. मग हायलाइट उणे ४० ते उणे ६०. शॅडो अधिक १५ ते २५, त्याहून जास्त नाही. तुमचा फोटो बिघडतो तो इथेच: शॅडो अधिक ८० केल्या की सावलीतला रवाळपणा वर येतो, आणि मुख्य म्हणजे कोरीव कामाची खोली जाते, कारण खोली सावलीनेच दिसते. त्यानंतर ब्लॅक उणे १५ करा, म्हणजे सगळ्यात गडद कोपरे खरोखर काळे होतील. क्लॅरिटी अधिक १० ते १५ पुरे. टेक्श्चर अधिक १५ दिलं तर छिन्नीच्या खुणा उठतात. क्लॅरिटी ४० च्या पुढे गेली की मूर्तींच्या कडांना पांढऱ्या रेषा येतात आणि दगड प्लॅस्टरचा वाटू लागतो.

शेवटी आकाशाला वरून खाली उतरणारा ग्रेडियंट मास्क, एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.५. मास्कची खालची कड कातळाच्या काठावर न थांबवता थोडी आत उतरू द्या, नाहीतर कड्याच्या वर काळा पट्टा दिसतो.

प्रश्न: बीबी का मकबऱ्याचे फोटो कधी निळसर येतात, कधी मळकट पिवळे. शुभ्र असा येतच नाही. — शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

कातळाचं जे झालं त्याच्या बरोबर उलट इथे होतं. पांढऱ्या इमारतीला मीटर अंधारवतो. अधिक ०.७ द्या आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकत नाही ना ते बघा.

रंगाचं कारण इमारतीतच आहे. सगळा मकबरा संगमरवरी नाही. घुमट आणि खालचा पट्टा संगमरवरी आहे, मधलं बांधकाम बेसॉल्टचं असून त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे. संगमरवर आकाशाचा निळा उचलतो, गिलावा उन्हाचा पिवळा. अख्ख्या फोटोचं व्हाइट बॅलन्स फिरवून दोन्ही एकाच वेळी शुभ्र होणार नाहीत. व्हाइट बॅलन्स घुमटाच्या उजळ बाजूवर बसवा आणि मग कलर मिक्समध्ये पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उणे १५ ते उणे २५ करा. त्याहून पुढे गेलात तर बागेतल्या गवताचा जीव जातो. गवतातही पिवळा भरपूर असतो. ब्रशने फक्त भिंतीवर हे केलं तर उत्तमच.

प्रवेश दक्षिणेकडून आहे, हे ऋतू निवडताना कामाला येतं. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणून सकाळचं ऊन दर्शनी बाजूवर तिरपं पडतं आणि कमानींना आकार येतो. जूनमध्ये तो ईशान्येला उगवतो आणि सकाळी तीच बाजू सावलीत राहते. मेच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांचे फोटो सपाट येतात त्याचं निम्मं कारण हे.

प्रश्न: अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. फोनने चित्रं काढली तर हलतात नाहीतर मेणासारखी दिसतात. — निवृत्त पोस्टमास्तर, परभणी

फ्लॅशवर बंदी रंगांच्या काळजीपोटी आहे आणि ती पाळायचीच. तसाही फ्लॅश तिथे निरुपयोगी आहे, कारण समोरून पडलेला उजेड भिंतीला सपाट करतो. ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा हातातच काढायचं हे धरून चला.

हलणं थांबवण्यासाठी: कोपर छातीला टेकवा, श्वास अर्धा सोडा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. बटणावर बोट दाबताना बसणारा धक्काच बहुतेक फोटो हलवतो. नाइट मोड ३ सेकंद म्हणत असेल तर ३ सेकंद खरोखर स्थिर राहावं लागतं. कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर १/३० सेकंदाच्या आसपास, आणि एकाच वेळी तीन-चार फोटोंचा बर्स्ट. त्यातला मधला सहसा सगळ्यात स्थिर असतो. भिंतींना किंवा खांबांना मात्र टेकू नका. त्यांवरही गिलावा आणि रंग आहेत.

मेणासारखं दिसतं ते नॉइज रिडक्शनमुळे. फोन स्वतःच दाणा पुसतो आणि त्यासोबत ब्रशचे फटकारे पुसतो. रॉ काढून नॉइज रिडक्शन २० ते ३० वर थांबवा. थोडा दाणा राहिला तर राहू द्या. दीड-दोन हजार वर्षांच्या भिंतीवर तो शोभतोच.

रंगाबाबत एक सापळा आहे. व्हाइट बॅलन्सचा आयड्रॉपर (रंग टिपणारं साधन) चित्रातल्या ‘पांढऱ्या’ वाटणाऱ्या जागेवर लावू नका. ती जागा पांढरी उरलेली नाही, पिवळसर झाली आहे. आयड्रॉपर तिला पांढरं करतो आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी निळा पडतो. आत दिव्यांचा उजेड असेल तर ३५०० ते ४००० केल्विन हाताने ठेवा. सॅच्युरेशन वाढवू नका, नारिंगीचं ल्युमिनन्स (उजळपणा) उणे १० केलं की गेरूचा रंग आपोआप भरीव होतो. आणि चौकटीच्या कडा अंधारात राहू द्या. आत पाऊल टाकल्यावर डोळ्यांना जे वाटतं ते त्या अंधारामुळेच वाटतं. सोमवारी अजिंठा बंद असतो.

प्रश्न: मी विकतचे प्रिसेट वापरतो. परदेशी फोटोंवर जादू दिसते, पण आमच्या रानातले फोटो आजारी दिसतात. वडिलांचा चेहरा तर भाजल्यासारखा नारिंगी झाला. उन्हाळ्यातल्या शिवाराचा फोटो काढायचा असेल तर रंग कोणते ठेवावेत? — तरुण शेतकरी, ता. गेवराई

प्रिसेट म्हणजे कुणाच्या तरी फोटोसाठी हलवलेले स्लायडर. ज्या फोटोसाठी ते हलवले त्यात बहुधा ढगाळ मऊ उजेड, हिरवं जंगल आणि गोरी कातडी होती. तुमच्या फोटोत टळटळीत ऊन, वाळलेला कडबा आणि सावळा, उन्हात रापलेला चेहरा आहे. ‘टील-ऑरेंज’ जातीचे प्रिसेट सावल्या निळ्या-हिरव्या करतात आणि नारिंगी भडकवतात. आपल्या चेहऱ्याचा, मातीचा आणि वाळल्या गवताचा रंग याच नारिंगी-पिवळ्याच्या पट्ट्यात बसतो, म्हणून माणूस, माती, कडबा सगळं एकाच रंगाचं होऊन जातं.

प्रिसेट लावायचाच असेल तर लावल्यावर पुढचं तपासा. नारिंगीचं सॅच्युरेशन परत शून्यावर किंवा उणे ५ वर. नारिंगीचं ल्युमिनन्स शून्यावर. हा स्लायडर वाढवला की चेहरा गोरा होतो, आणि ‘छान दिसतंय’ म्हणून बरेच जण तो वाढवतात. आमचं मत स्पष्ट आहे, रापलेला चेहरा रापलेलाच दिसला पाहिजे. पिवळ्याचं ह्यू (रंगाची छटा) शून्यावर, म्हणजे कडबा हिरवट होणार नाही. कलर ग्रेडिंगमध्ये सावल्यांचं सॅच्युरेशन १० च्या खाली. प्रिसेटची तीव्रता कमी करायची सोय असेल तर ४० ते ५० टक्क्यांवर आणा.

आता उन्हाळ्याचा प्रश्न, जो जास्त महत्त्वाचा आहे. ऊन दाखवायचं म्हणून लोक फोटो नारिंगी करतात. नारिंगी म्हणजे संध्याकाळ, आणि संध्याकाळ सुखाची असते. मे महिन्यातली दुपार पांढरी असते. आकाश निळं नसून फिकट, दूरचं सगळं विरघळलेलं, सावल्या आखूड आणि पायाशी चिकटलेल्या, रंग जवळजवळ उडालेले. तेव्हा व्हाइट बॅलन्सचं टेंपरेचर वाढवू नका, ५२०० च्या आसपास ठेवा. एक्स्पोजर अधिक ०.३ ते ०.५. व्हायब्रन्स (फिक्या रंगांची तीव्रता) उणे १० ते उणे २०. धुरकटपणा काढणाऱ्या डीहेझ स्लायडरला हात लावू नका. दूरचा धुरकटपणा हाच तर उन्हाचा पुरावा आहे, उलट उणे ५ ते उणे १० दिलं तर चालतं. ब्लॅक मात्र खाली ठेवा, म्हणजे बैलाची किंवा बाभळीची सावली काळी राहील आणि तिच्या शेजारचं ऊन अधिक पांढरं वाटेल. तापल्या रस्त्यावरची झळ लांब लेन्सनेच दिसते. फोनमध्ये ३ किंवा ५ पट खरी ऑप्टिकल लेन्स असेल तर ती वापरा, डिजिटल झूमने झळ दिसत नाही, नुसता फोटो फुटतो.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा वेगळी अडचण येते. पळसाचा लाल-केशरी रंग उन्हात इतका तीव्र असतो की लाल चॅनल एकटाच जळतो, बाकी फोटो ठीक असला तरी फूल सपाट डाग होतं. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघा, उणे ०.७ वर काढा आणि एडिटिंगमध्ये लाल-नारिंगीचं ल्युमिनन्स उणे १०. त्यावर व्हायब्रन्स चढवू नका.

प्रश्न: आम्हांला कुठेही नेलं तरी बस पोचते भर दुपारीच. या वेळी दौलताबाद आहे. — सहल समितीतली मुलं, हिंगोली

आधी कधीची दुपार ते बघा. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य सुमारे ४७ अंशांवरच असतो, म्हणजे ऊन बऱ्यापैकी तिरपं आणि फोटो काढण्याजोगं. २० मेच्या आणि २३ जुलैच्या आसपास मात्र तो त्या भागात बरोबर डोक्यावर येतो, तोही घड्याळात बाराला नव्हे तर साडेबाराच्या सुमारास.

तशा उन्हात बाहेरून तटबंदी काढण्यात वेळ घालवू नका. आत शिरा. दरवाजाच्या कमानीखालून, देवड्यांतून, अंधारी नावाचा भुयारी मार्ग संपतो तिथून, म्हणजे अंधारातून उजेडाकडे बघत फोटो काढा. एक्स्पोजर बाहेरच्या उजेडावर लॉक करा, कमान काळी चौकट होऊ द्या आणि मित्राला त्या उजेडाच्या तोंडाशी उभं करा. दुसरा मार्ग कृष्णधवल. त्यात निळ्याचं ल्युमिनन्स उणे ४० केलं की आकाश गडद होतं, पिवळ्या-नारिंगीचं अधिक २० केलं की वाळलेलं गवत आणि ऊन पडलेला दगड उजळतो. आखूड काळ्या सावल्या रंगीत फोटोत खटकतात, कृष्णधवलमध्ये त्याच फोटो उभा करतात.

प्रश्न: नळदुर्गचा धबधबा दुधासारखा मऊ कसा काढायचा? फोनच्या प्रो मोडमध्ये शटर अर्धा सेकंद केलं तर सगळा फोटो पांढरा होतो. — औषध विक्रेता, तुळजापूर

फोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा एफ १.८ च्या आसपास कायम उघडं असतं, ते बारीक करता येत नाही. ढगाळ दिवशी आयएसओ ५० वरसुद्धा योग्य शटर १/६०० च्या जवळ येतं. तुम्ही १/२ ठेवलं म्हणजे ३०० पट उजेड आत घेतला.

एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लागतो. फोनवर चिमट्याने बसणारे मिळतात. एनडी ६४ लावला तर शटर १/१० वर येईल, पाणी किंचित मऊ होईल. एनडी २५६ ला साधारण ०.४ सेकंद, हे दूध. कॅमेऱ्याला छिद्र बारीक करता येतं, म्हणून एफ ११ आणि आयएसओ १०० वर एनडी ८ नेच १/४ सेकंद मिळतं. पोलरायझर असेल तर तोही लावा. ओल्या दगडावरची चकाकी जाते आणि वरून दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो. फिल्टर नसेल तर आयफोनच्या लाइव्ह फोटोतलं लाँग एक्स्पोजर किंवा अँड्रॉइडमधला तसा मोड बरेच फोटो एकत्र करून जवळपास तेच देतो. फोन टेकवून ठेवावा लागतोच. लोक चालतात त्या फरसबंदीवर ट्रायपॉड हादरतो, भक्कम दगडी कठडा बरा.

बोरी नदी भरून पाणीमहालावरून वाहते तेव्हा पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं असतं. ते पांढरं करण्यासाठी टेंपरेचर उतरवलं की पाणी जांभळट आणि हिरवळ निळी होते. गढूळच ठेवा. पहिल्या पुराचा तोच रंग आहे, आणि फोटो पावसाळ्यातला आहे हे तो न सांगता सांगतो. हायलाइट उणे ५० करून पांढऱ्या धारांतले पदर परत आणा. आणि शेवाळलेल्या कडेवर ट्रायपॉड नको, माणूसही नको.

प्रश्न: गुऱ्हाळातली वाफ फोटोत दिसतच नाही. — गृहिणी, औसा

वाफ दिसायला उजेड वाफेच्या मागून यावा लागतो आणि त्याच्याही मागे काहीतरी काळं असावं लागतं. काहिलीच्या पलीकडून ऊन येत असेल अशा बाजूला उभ्या राहा, मागे झाडी किंवा शेडची काळोखी बाजू घ्या. हिवाळ्यातली सकाळ निवडा, थंड हवेत वाफ दाट होते. शटर १/१२५ ठेवलं तर वाफेच्या वळ्या दिसतात, १/३० ला ती धुक्यासारखी पसरते. चुलवणाचा जाळ चौकटीत असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, तो जाळाची लाली मारतो. ४५०० वर ठेवा. एडिटिंगमध्ये क्लॅरिटी वाफेवर चढू देऊ नका, ती मळकट दिसते. ब्रशने फक्त गुळव्याच्या हातांवर आणि काहिलीच्या काठावर द्या. थंडीतून एकदम वाफेत गेलात तर लेन्सवर दव धरतं, दोन-चार मिनिटं थांबा. पाकाचा शिंतोडा उडाला तर कोरड्या फडक्याने घासू नका, ओलसर मऊ कापडाने टिपा.

प्रश्न: नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे रात्रीचे फोटो काढताना दिवे जळून जातात आणि काही फोटोंवर आडवे पट्टे येतात. — ऑटोचालक, नांदेड

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. १/१००० ला हमखास येतात.

दिवे जळतात कारण तुम्ही पूर्ण अंधार होऊ देता. आकाश काळं झालं की दिवा आणि आकाश यांतलं अंतर कुठलाच कॅमेरा भरून काढत नाही. सूर्यास्तानंतर १५ ते २५ मिनिटांत काढा. नांदेडला सूर्य संभाजीनगरपेक्षा सुमारे ८ मिनिटं आधी मावळतो, तेवढं वेळापत्रकात धरा. फोन टेकवून आयएसओ १००, एक्स्पोजर उणे १, व्हाइट बॅलन्स ३८०० ते ४२००: घुमट सोनेरी राहतो, आकाश निळं. नंतर निळ्याचं सॅच्युरेशन उणे १० करा, फोन ते भडक करून ठेवतात. डोकं झाकलेलं असू द्या आणि आतल्या बाजूला फोटो काढण्याआधी सेवादारांना विचारा.

प्रश्न: ॲपमध्ये आकाश बदलायची सोय आहे. वापरावी का? — वाचक, उदगीर

शुभेच्छापत्रासाठी वापरा. प्रवासाचा फोटो म्हणून देणार असाल तर नको. स्पर्धांना तर बहुतेक ठिकाणी ते चालत नाहीच. शिवाय ते पकडलंही जातं: नवं आकाश संध्याकाळचं आणि खाली बुरुजाची सावली दुपारची, किंवा ढग उजवीकडून उजळलेले आणि किल्ला डावीकडून. पाण्यातल्या प्रतिबिंबात जुनंच आकाश राहून जातं, हे आणखी एक. आकाश नीरस असेल तर चौकटीत ते कमी घ्या.

प्रश्न: फोनवर सुंदर दिसणारा फोटो स्टुडिओतून प्रिंट होऊन आला की काळपट येतो. — वाचक, बीड

फोनची ब्राइटनेस पूर्ण ठेवून, तीही रात्री अंथरुणात, एडिट केलं की असं होतं. पडदा स्वतः उजळ असल्याने तुम्ही फोटो गडद करत जाता. ब्राइटनेस ५० टक्क्यांच्या आसपास आणा, ऑटो ब्राइटनेस बंद करा, पडद्याचा रंग ‘व्हिव्हिड’ वरून ‘नॅचरल’ करा आणि डोळ्यांसाठीचा पिवळा मोड बंद करा. तो चालू असताना केलेला फोटो दिवसा निळा दिसतो. डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर विसंबा. प्रिंटसाठी वेगळी प्रत करून तिला एक्स्पोजर अधिक ०.३ आणि शॅडो अधिक १० द्या, कलर स्पेस एसआरजीबी ठेवा.

१२ × १८ इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआयने ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. भिंतीवर लावून लांबून बघायचा असेल तर २०० डीपीआय, म्हणजे २४०० × ३६०० सुद्धा पुरतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो सहसा लहान होऊन जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या. आणि मोठा प्रिंट सांगण्याआधी त्याच कागदावर ४ × ६ चा एक नमुना काढून घ्या. तो दुकानातल्या ट्यूबखाली बघू नका, दारात येऊन दिवसाच्या उजेडात बघा, आणि अजून काळपट वाटला तर एक्स्पोजर आणखी ०.२ वाढवून मगच मोठा द्या.